आधी केसपेपर, मग सुई

सप्टेंबर २०२१ मधली गोष्ट. ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या आरोग्य केंद्रात एक माणूस कोविडची लस घ्यायला गेला. रांग चुकली. तो उभा राहिला ती रांग रेबीजची लस घेणाऱ्यांची होती. नंबर आला, बाही वर झाली, सुई टोचली गेली आणि मग कळलं की दंडात गेली ती रेबीजची लस. सुई टोचण्याआधी त्याचा केसपेपर तपासला गेला नव्हता. महापालिकेने परिचारिकेला निलंबित केलं, बातमी दोन दिवस चालली आणि विषय मिटला. कळवा म्हणजे आपल्या नवी मुंबईतल्या दिघ्याला खेटूनच.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला, पल्स पोलिओच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावात याहून विचित्र प्रकार घडला होता. पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सुदैवाने सगळी बचावली. इथेही कारवाईचा बडगा उगारला गेला तो केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांवर.

कारवाई करूच नये असं मी म्हणणार नाही. लहान मुलाच्या तोंडात काय जातंय हे पाहणं ही थेंब पाजणाऱ्याचीच जबाबदारी आहे. पण निलंबनाचा आदेश निघाल्यावर कळव्याच्या त्या दोन रांगांचं काय झालं? करोनाच्या दिवसांत लसीकरणाच्या ठिकाणी सॅनिटायझर असणं भागच होतं. ते कुठे ठेवायचं आणि कुठे ठेवायचं नाही हे कोणी ठरवलं होतं का? शेवटचा हात बदलला आणि टेबल तसंच राहिलं, तर पुढच्या खेपेला चूक करणारं माणूस तेवढं नवं असतं. औषधांच्या चुकांबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे. ते दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: औषध देणारे आणि पलंगाशेजारी बसलेले.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पाच 'योग्य' शिकवतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. दिलेल्या औषधाची लगेच नोंद हा सहावा. कोणत्याही स्टाफ नर्सला झोपेतून उठवून विचारलं तरी ती हे म्हणून दाखवेल. पाठ सगळ्यांना आहेत. अडतं ते दुपारी २ च्या हँडओव्हरला आणि पहाटे ४ वाजता.

पहिला 'योग्य' घ्या. 'तुम्ही पाटील मावशी ना?' असं विचारलं की अर्धवट झोपेतली, कमी ऐकू येणारी किंवा नुसतीच घाबरलेली बाई मान हलवते. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. 'मावशी, तुमचं पूर्ण नाव काय? वय किती?' आणि ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केसपेपरशी ताडून पाहायचं. नवी मुंबईत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसवलं, तिथे पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत ही आडनावं घरोघरी आहेत. वाशीच्या किंवा ऐरोलीच्या एकाच महिला वॉर्डात दोन म्हात्रे असणं यात नवल काहीच नाही. कधी पहिलं नावही एक निघतं, गावही एक, आणि दोघींना साखर. अशा वेळी दोन्ही फाइलींवर ठळक 'नावसाधर्म्य' असा शिक्का किंवा चिठ्ठी लावावी आणि शक्य असेल तर दोघींचे बेड लांब ठेवावेत. बेड नंबर ही ओळख धरू नये. रात्री पंख्याखालच्या बेडवर कोण सरकलं हे सकाळच्या पाळीला ठाऊक नसतं.

त्यात भाषा. सिस्टर केरळची, डॉक्टर लातूरचे, आजी उरणच्या आगरी बोलणाऱ्या, शेजारच्या बेडवरचा तुर्भ्याच्या कारखान्यातला मजूर बिहारचा. या शहराचं हे वैभवच आहे. औषधाच्या बाबतीत मात्र ते जपून हाताळावं लागतं. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलेला डोस ऐकून 'हो सर' म्हणणं पुरेसं नाही. आधी लिहायचं, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, डॉक्टरांनी 'बरोबर' म्हटल्यावरच कपाट उघडायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात; म्हणून आकडे सुटे म्हणावेत: वन-फाइव्ह, फाइव्ह-झिरो. तोंडी ऑर्डर तातडीच्या वेळेपुरतीच घ्यावी आणि डॉक्टर वॉर्डात आल्यावर तिच्यावर सही घ्यावी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ऑर्डरलाही हेच लागू.

आता अक्षराकडे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या नियमात बदल करून सांगितलं की डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत. हा बदल कागदावरच किती आणि प्रत्यक्षात किती, हे तुमच्या घरातली शेवटची चिठ्ठी काढून तुम्हीच पाहा. गिचमिड अक्षराची किंमत काय असते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाली काढलेल्या 'स्प्रिंग मेडोज' खटल्यात दिसतं. १९९३ मध्ये दिल्लीच्या त्या रुग्णालयात टायफॉइडने आजारी असलेला एक लहान मुलगा दाखल झाला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं क्लोरॅम्फेनिकॉल. नर्सने वाचलं क्लोरोक्विन. इंजेक्शन वडिलांनीच दुकानातून आणून दिलं. ते शिरेतून दिलं गेलं आणि मुलाचं हृदय थांबलं. मेंदूला कायमची इजा झाली. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी ५ लाख रुपये भरपाई न्यायालयाने कायम केली. सुई देणारी नर्स पुरेशी पात्र नव्हती, आणि तिला हे काम करू दिल्याचा ठपका रुग्णालयावर आला.

या खटल्यातलं एक वाक्य मला जास्त अस्वस्थ करतं: इंजेक्शन वडिलांनी आणून दिलं. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये आजही हाच प्रवास असतो. डॉक्टर लिहितात, सिस्टर चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात देते, तो खाली मेडिकलमध्ये धावतो, काउंटरवरचा मुलगा 'हे संपलंय, दुसऱ्या कंपनीचं देतो, सेमच आहे' म्हणतो आणि पिशवी वर येते. प्रत्येक वळणावर एकेक डोळा आहे, पण प्रत्येकाला वाटतं की आधीच्याने नीट पाहिलं असेल. नातेवाइकाने इथे करायचं ते सोपं आहे. काउंटरवरच चिठ्ठीतलं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. जेनेरिक नाव आणि किती मिलिग्रॅम, हे दोन्ही जुळलं पाहिजे. कंपनी बदलली असेल तर वर गेल्यावर सिस्टरला आपणहून सांगा. बिल सांभाळा. वाचता येत नसेल तर वाचता येत नाही असं म्हणा. त्यात लाज डॉक्टरांची आहे, तुमची नाही.

नावं सारखी असण्याचा घोळ वॉर्डात रोजचा आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन. सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम आणि सेफ्ट्रिअॅक्सोन. कंपन्यांची दिलेली नावं तर विचारूच नका. मलेरियाच्या दोन औषधांची नावं होती फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या नावसाधर्म्याकडे इतर मालापेक्षा कडक नजरेने पाहिलं पाहिजे. वॉर्ड इनचार्जने आपल्या कपाटातल्या अशा जोड्यांची यादी करून ती कपाटाच्या दारावर लावावी आणि जोडीतली औषधं एकाच फळीवर शेजारी ठेवू नयेत. अकारविल्हे मांडणी दिसायला नीटनेटकी असते, पण ती जुळ्यांना शेजारीच बसवते.

आकड्यांचे नियम मात्र सक्तीचे असावेत. १ मिलिग्रॅम लिहिताना पुढे दशांश चिन्ह आणि शून्य लावायचं नाही, कारण पुसट टिंब दिसलं नाही की १ चे १० होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवंच, नाहीतर ०.५ चे ५ होतात. इन्सुलिनचं 'युनिट' पूर्ण शब्दात लिहायचं. नुसतं इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटची ४० होतात. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहायचं. आणि एक कसोटी, जी अनुभवी सिस्टर नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात देतात: एका डोससाठी तीनपेक्षा जास्त व्हायल फोडाव्या लागत असतील किंवा मूठभर गोळ्या काढाव्या लागत असतील, तर हात थांबवायचा आणि पुन्हा विचारायचं. लहान मुलांच्या बाबतीत गणित कागदावर करायचं आणि दुसऱ्या सिस्टरने ते स्वतंत्रपणे करून पाहायचं, पहिलीचं उत्तर न बघता. ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम अमिकासिन द्यायचं आहे आणि व्हायलमध्ये २ मिलीत ५०० मिलिग्रॅम आहे; उत्तर ०.४८ मिली. टिंब एक घर सरकलं तर ४.८. सिरिंज मोठी घेतली असेल तर ते आरामात मावतंही.

सगळी औषधं सारखीच धोक्याची नसतात. काही औषधांत चुकीला क्षमा नाही. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँप्यूल पाहा. त्यात १५० मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून, सावकाश, डॉक्टरांनी सांगितलेल्या गतीनेच ते द्यायचं. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. आणि हा अँप्यूल दिसतो कसा? डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखा. कितीतरी ठिकाणी तो त्याच ट्रेमध्ये पडलेला असतो. पोटॅशियमचा साठा सर्वसाधारण वॉर्डात ठेवूच नये. जिथे ठेवावाच लागतो तिथे वेगळ्या, कुलूपबंद, लाल पट्टी लावलेल्या डब्यात ठेवावा. हे एकच काम ज्या नर्सिंग होमने आज संध्याकाळपर्यंत केलं, त्याने वर्षभराच्या व्याख्यानांपेक्षा जास्त केलं असं मी म्हणेन. खर्च एका डब्याचा.

रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. ते आपल्याकडे मिलीला १,००० युनिट आणि मिलीला ५,००० युनिट अशा दोन्ही व्हायलमध्ये मिळतं. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात अभिनेता डेनिस क्वेडच्या तान्ह्या जुळ्यांना १० युनिटच्या जागी १०,००० युनिट ताकदीचं हेपॅरिन दिलं गेलं. हजारपट. मुलं वाचली. श्रीमंत देश, मोठं रुग्णालय, प्रसिद्ध बाप. दोन व्हायल एकसारख्या दिसायला यातलं काहीच आडवं आलं नाही.

अमेरिकेतलीच आणखी एक घटना प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवावी अशी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात एका ७५ वर्षांच्या बाईंना स्कॅनच्या यंत्राची भीती वाटत होती म्हणून व्हर्सेड हे शांत करणारं औषध द्यायचं होतं. नर्सने औषधांच्या यंत्री कपाटात पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि जे वर आलं ते काढलं. ते होतं व्हेक्युरोनियम. शरीराचे सगळे स्नायू, श्वासाचेसुद्धा, निकामी करणारं औषध. बाई गेल्या. मार्च २०२२ मध्ये नर्सवर गुन्हा सिद्ध झाला. मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली. तुरुंगवास टळला, पण जगभरच्या परिचारिका हादरल्या. कारण चूक कळताच ती तिने स्वतःहून सांगितली होती.

यातला शिकण्यासारखा तपशील वेगळाच आहे. व्हर्सेड हे द्रव असतं, तयार. हातात आलेली व्हायल मात्र पावडरची होती, पाणी घालून विरघळवावी लागणारी. टोपणावर इशारा छापलेला होता. म्हणजे औषध ओरडून सांगत होतं की मी ते नाही. यावरून एक सवय लावून घ्या: ओळखीचं औषध आज अनोळखी वागलं, म्हणजे रंग वेगळा, पावडर निघाली, जास्त घट्ट आहे, टोपण वेगळं आहे, तर काम तिथेच थांबवा. 'कंपनी बदलली असेल' हा विचार मनात आला रे आला की लेबल पुन्हा वाचा. लेबल तीनदा वाचायचं असतं: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना, व्हायल परत ठेवताना किंवा टाकताना. आणि भरलेली सिरिंज लेबल न लावता हातातून खाली ठेवायची नाही. पाणी, भूल, पोटॅशियम. सिरिंजमध्ये सगळं रंगहीन, स्वच्छच दिसतं.

आता हे सगळं करायला हात किती आहेत? सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळीला कुठल्याही जनरल वॉर्डात उभं राहून मोजा. वॉर्डभरच्या पेशंटचा भार बहुतेकदा एकटीवर असतो, आणि ती औषधांची ट्रॉली घेऊन निघाली की चहूबाजूंनी हाका सुरू होतात. सिस्टर, सलाईन संपलं. सिस्टर, डिस्चार्ज कधी? सिस्टर, पंखा. मध्येच तोडलेलं काम पुन्हा सुरू करताना माणूस एक पायरी गाळतो. हे नर्सचंच नाही, सगळ्यांचंच होतं. काही रुग्णालयांत औषधांच्या फेरीच्या वेळी नर्स वेगळ्या रंगाचं जाकीट घालते, त्यावर लिहिलेलं असतं: औषध देत आहे, हाक मारू नका. जाकीट नसलं तरी ट्रॉलीला पाटी बांधता येते. नातेवाइकांना माझं सांगणं एवढंच की श्वास, रक्तस्राव, शुद्ध हरपणं अशी तातडी सोडली तर त्या अर्ध्या तासात सिस्टरला थांबवू नका. तुमच्या पंख्यापायी शेजारच्याचा डोस चुकू शकतो. मालकांना सांगणं जास्त कडक आहे. ज्यांनी जीएनएम किंवा बीएस्सी केलेलं नाही, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद नाही, अशा मुलींना पांढरा गणवेश घालून इंजेक्शनं द्यायला लावणं थांबवा. नातेवाइकांनी नोंदणीबद्दल विचारलं तर तो अपमान समजू नका.

डिस्चार्ज झाला की औषध देणारे तुम्ही. पाळी संपत नाही, इनचार्ज नाही, चार्टही नाही.

घरातली सगळ्यात मोठी जोखीम माझ्या मते इन्सुलिन. भारतात इन्सुलिनच्या बहुतेक कुप्या मिलीला ४० युनिटच्या असतात, पेनची कार्ट्रिज मात्र १०० युनिटची. काही कुप्याही १०० च्या येतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० वाली साधारणपणे लाल टोपणाची, १०० वाली नारिंगी टोपणाची. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. पेनची सुई सापडली नाही म्हणून कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने इन्सुलिन ओढलं आणि ४० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातील १०० युनिट. अडीचपट. उलट केलं, ४० च्या कुपीतून १०० ची सिरिंज ४० च्या खुणेपर्यंत भरली, तर जातील फक्त १६, आणि मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत राहील. मेडिकलमध्ये नुसतं 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हणू नका. रिकामी कुपी बरोबर न्या. आणि उपवास. संकष्टी, एकादशी, नवरात्र, गुरुवार. जेवण नसेल तर जेवणाबरोबरचं इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या तशाच घेणं धोक्याचं आहे. उपवास सोडा असं मी सांगणार नाही, पण त्या दिवशी काय घ्यायचं हे डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून घ्या. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मधुमेही पेशंटबद्दल वॉर्डातही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

मुलांचा ताप ही दुसरी जोखीम. पॅरासिटामॉलचे थेंब साधारणपणे मिलीला १०० मिलिग्रॅमचे असतात. सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५, आणि काहींत ५ मिलीला २५०. डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे थेंबांचं दीड मिलीपेक्षा जास्त नको; तेच १२५ च्या सिरपचं साधारण एक माप, म्हणजे ५ मिली. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणलं आणि मोजमाप जुनंच ठेवलं, तर औषध कमी पडेल. उलट झालं, सिरपच्या सवयीने थेंब ५ मिली पाजले, तर ५०० मिलिग्रॅम गेलं. स्वयंपाकघरातला चमचा तर वापरूच नका; बाटलीबरोबरचं माप किंवा तोंडावाटे द्यायची सिरिंज वापरा.

मोठ्यांच्या बाबतीत एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं फार होतं. डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही तिन्ही पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनबरोबर तेही असतं. थायरोनॉर्म आणि एल्ट्रॉक्सिन एकच. वाशीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इकोस्प्रिन दिली आहे आणि गावच्या डॉक्टरांनी क्लोपिटॅब-ए, तर अॅस्पिरिन दुप्पट झालं. म्हणून प्रत्येक डॉक्टरकडे जाताना सगळ्या पाकिटांची पिशवी बरोबर न्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट. खारघरच्या अॅक्ट्रेक कर्करोग केंद्रात केमो सुरू असलेला पेशंट ताप आला म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो तेव्हा तिकडची फाइल खोलीवर विसरून जाणं परवडणारं नाही.

मेथोट्रेक्सेटवर वेगळं लिहायला हवं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, 'दर सोमवारी' असं, आणि ही गोळी रोजच्या डब्यात ठेवू नका.

आणखी एक, जे आपल्याकडे सांगावंच लागतं. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो तेव्हा नाव आणि मुदत एका टोकाला राहते. नाव असलेला तुकडा मागून घ्या, आणि गोळ्या उलट्या टोकाकडून खा, म्हणजे नाव शेवटपर्यंत राहील.

इतकं करूनही चूक होते. झाली तर आधी पेशंट: नाडी, श्वास, रक्तदाब, आणि डॉक्टरांना लगेच फोन. काय दिलं, किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता. व्हायल, सिरिंज, खोकं फेकू नका. त्यावरूनच उतारा ठरतो. घरी घडलं तर १०८ ला फोन करा आणि पाकिटं बरोबर न्या. एम्सच्या विषमाहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा नंबरही विनाशुल्क आहे. फाइलमध्ये जे घडलं तेच लिहावं, खाडाखोड नको. नातेवाइकांना सांगावं, त्याच दिवशी, डॉक्टरांनी समोर बसून.

हे सांगितलं जात नाही याचं एक कारण नातेवाईकही आहेत. डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी काचा फुटतात. एका रुग्णालयात काचा फुटल्या की आसपासच्या दहा रुग्णालयांतल्या चुका कपाटात जातात. राग आला असेल तर तो कागदावर काढा. उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. तक्रारीसाठी ग्राहक आयोग आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने आपल्या बाजूने 'घडता घडता टळलं' अशा प्रसंगांची वही ठेवावी, नाव न लिहिता नोंद करायची मुभा द्यावी आणि ती वही दर महिन्याला मेट्रन, डॉक्टर आणि फार्मासिस्टने एकत्र वाचावी. ज्या वॉर्डाच्या वहीत वर्षभर एकही नोंद नाही, तो वॉर्ड सुरक्षित आहे यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि बाहेर कळवण्याची सोयही आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून औषधदक्षता कार्यक्रम चालतो. औषधाने त्रास झाला तर नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर किंवा स्वतः रुग्ण १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवू शकतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो.